विश्लेषण : सुकामेव्याच्या डब्याशेजारी पुस्तक का नाही? दिवाळी भेटीच्या बाजारात मराठी लेखकाने कसे उतरावे?

दिवाळीत महाराष्ट्रातील घराघरांत भेटवस्तूंची देवाणघेवाण होते. सुकामेव्याचे डबे, मिठाई, सुगंधी साबण-उटण्याचे संच, पणत्या, स्टीलची भांडी, चादरी अशी ही यादी दरवर्षी थोड्याफार फरकाने तीच असते. पुस्तक या यादीत क्वचितच दिसते. दिवाळीला वाचनाशी जोडणारी दिवाळी अंकांसारखी शतकापेक्षा जुनी परंपरा ज्या भाषेत आहे, तिथे असे व्हावे हे नवलच. वाचक उरले नाहीत, हे त्याचे नेहमीचे आणि सोपे उत्तर. पण भेट म्हणून पुस्तक घेणारा माणूस बहुतेक वेळा ते स्वतः वाचणारच नसतो. तो दुसऱ्यासाठी काहीतरी शोधत असतो आणि त्या शोधात मराठी पुस्तक त्याच्या वाटेत येतच नाही. ते वाटेत कसे आणायचे, त्यात पैसे किती सुटतात आणि यातले किती काम लेखकाने करावे, याचा हा ऊहापोह.

सण आणि पुस्तक यांचे नाते किती जुने?

मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून सर्वसाधारणपणे का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकाचे नाव घेतले जाते. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांवरून ही कल्पना आली, असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये त्याच्या कितीतरी आधी, १८२२ च्या अखेरीस, रुडॉल्फ अकरमन या प्रकाशकाने ‘फरगेट मी नॉट’ हे सुबक वार्षिक काढले होते. नाताळ आणि नववर्षाला भेट देण्यासाठीच ते तयार केलेले होते आणि पुढे अशा वार्षिकांची तिकडे लाटच आली.

आजचे सर्वांत ठळक उदाहरण आइसलँडचे. चार लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या या देशात नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक भेट देण्याची प्रथा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतर आयात वस्तूंवर निर्बंध आले, कागद त्या मानाने मिळत राहिला आणि भेट म्हणून पुस्तक रुजले. तिथले प्रकाशक १९४४ पासून वर्षभरातील नव्या पुस्तकांची एक सामाईक सूची छापतात आणि ती घरोघरी मोफत पोहोचत असे. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात २३ एप्रिलला गुलाब आणि पुस्तक देण्याची रीत आहे. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक ग्रंथदिनासाठी हीच तारीख निवडली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तारीख ठरलेली आहे, ती सर्वांना माहीत आहे आणि प्रकाशक-विक्रेते-लेखक हे तिघेही त्या तारखेच्या दिशेने महिनोन्‌महिने काम करतात. मराठीत तारीख आहे, उत्साह आहे, दिवाळी अंकांमुळे सवयही आहे. घरोघरी पोहोचणारी सामाईक यादी मात्र रुजलेली नाही. प्रत्येक प्रकाशक आपापली सवलत योजना जाहीर करतो आणि वाचकाला दहा ठिकाणच्या दहा जाहिराती दिसतात.

डिकन्सच्या पुस्तकातून कोणता धडा मिळतो?

सणाच्या भेटीचे पुस्तक म्हटले की चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’चे नाव निघते. ते १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या सहा हजार प्रती संपल्या. कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा असा हा खप. पण पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. निर्मितीचा खर्च डिकन्सने स्वतः उचलला होता. लाल कापडी बांधणी, सोनेरी कडा, जॉन लीचची हाताने रंगवलेली चित्रे असा सगळा थाट त्याला हवा होता आणि किंमत मात्र सर्वांना परवडावी म्हणून पाच शिलिंगच ठेवायची होती. पहिल्या आवृत्तीतून हजार पौंड मिळतील अशी त्याची अपेक्षा होती. हाती आले सुमारे २३० पौंड. नवे वर्ष उजाडते न उजाडते तोच चोरटी आवृत्ती निघाली. डिकन्सने दावा लावला आणि जिंकलाही. प्रतिपक्षाने दिवाळखोरी जाहीर केल्यामुळे कोर्टाचा सुमारे ७०० पौंडांचा खर्च मात्र त्याच्याच अंगावर पडला.

मराठी लेखकासाठी यात दोन सूचना आहेत. पहिली, भेटीचे पुस्तक देखणे हवे, पण देखणेपणाचा खर्च आधी मांडायला हवा. दुसरी, पुस्तक गाजले की त्याची फुकट प्रत फिरू लागते. तेव्हा चोरटी छापील आवृत्ती होती, आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ आहे. तिच्यावर पूर्ण आळा घालणे अवघड आहे. पण पीडीएफ कुणी भाऊबीजेच्या ताटात ठेवत नाही. भेटीच्या बाजारात छापील प्रतीचे महत्त्व टिकून राहते ते त्यामुळेच.

भेटीचे पुस्तक नेमके कोण विकत घेतो?

इथेच बहुतेक लेखकांची गल्लत होते. पुस्तकाची जाहिरात करताना ते विषय सांगतात, प्रस्तावना कुणी लिहिली ते सांगतात, प्रकाशन समारंभाचे फोटो टाकतात. ही सगळी माहिती वाचणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. हे कोणाला देता येईल? त्यांच्याकडे आधीच असेल का? त्यांना आवडले नाही तर अवघडल्यासारखे होईल का? दिसायला बरे आहे का? भाऊबीजेच्या आत हातात पडेल का?

म्हणून दिवाळीसाठी पुस्तकाची ओळख नव्याने लिहावी लागते आणि तिचे पहिले वाक्य ‘कोणासाठी’ याचे उत्तर देणारे असावे. ‘बँकेतून निवृत्त झालेल्या आणि आता भटकंतीला निघालेल्या वडिलांसाठी’, ‘कोकणातले घर मागे ठेवून मुंबईत आलेल्या कुणासाठीही’, ‘चौथी-पाचवीत शिकणाऱ्या, मराठी वाचायला कंटाळणाऱ्या भाच्यासाठी’ असे एक वाक्य पाच परिच्छेदांच्या परीक्षणापेक्षा जास्त प्रती विकते. ‘सर्व वयोगटांसाठी’ असे लिहिले की घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीच उभे राहत नाही.

सगळीच पुस्तके भेटीला चालतात असेही नाही. आजारपण, मृत्यू किंवा कौटुंबिक हिंसा यांवरची कादंबरी उत्तम असू शकते, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती कुणाच्या हातात ठेवताना देणारा दहादा विचार करेल. तिच्यासाठी वर्षाचे इतर महिने आहेत. याउलट प्रवास, पाककृती, बालसाहित्य, व्यक्तिचित्रे, विनोद, एखाद्या गावाचा किंवा शहराचा इतिहास, निसर्ग, नाटक-संगीताच्या आठवणी या विषयांना भेटीच्या काळात स्वाभाविक मागणी असते. छोट्या शहरावरचे पुस्तक राज्यभर विकले जाणार नाही, पण त्या शहरातून पुण्या-मुंबईत आणि परदेशात गेलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी ती नेमकी भेट असते. लहान पण पक्का गट हा मोठ्या आणि विस्कळीत गटापेक्षा केव्हाही बरा.

तयारी कधी सुरू करावी?

दिवाळीची तारीख ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दरवर्षी पुढेमागे होते. त्यामुळे वेळापत्रक महिन्यांवर न आखता वसुबारसेपासून उलटे मोजत आणावे.

चार महिने आधी : प्रती किती शिल्लक आहेत ते प्रकाशकाला विचारावे. पुनर्मुद्रण लागणार असेल तर निर्णय इथेच व्हायला हवा. दिवाळी अंकांच्या जाहिराती याच सुमारास ठरू लागतात. पुस्तकाला शोभेल अशा एखाद्याच अंकात लहान जाहिरात द्यावी किंवा लेखाच्या मोबदल्यात जाहिरातीची जागा मागावी.

गणपतीच्या आसपास : कंपन्या, पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था यांना पत्र आणि नमुना प्रत द्यावी. त्यांच्या भेटवस्तू दिवाळीच्या आठवड्यात ठरत नाहीत. गणपती ते दसरा या काळात दरपत्रके मागवून निर्णय झालेला असतो.

पितृपक्षात : अनेक जण नवी खरेदी टाळतात, म्हणून हा काळ वाया जातो असे समजले जाते. फोटो काढणे, मजकूर लिहिणे, पाकिटे आणणे, पत्त्यांची यादी लावणे ही कामे तेव्हाच उरकावीत.

दसरा ते वसुबारस : विक्रीचे खरे पंधरा-सतरा दिवस. टपालाने पाठवायच्या प्रतींसाठी शेवटची तारीख जाहीर करावी, साधारणपणे वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधीची. तारीख असली की घेणारा लवकर ठरवतो आणि ‘पोहोचले का’ असे फोनही कमी येतात.

प्रकाशन समारंभ दिवाळीच्या तोंडावर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दिवसांत माणसे खरेदीत आणि फराळात गुंतलेली असतात, सभागृह अर्धे रिकामे राहते आणि वृत्तपत्रांत जागाही मिळत नाही. समारंभ दोन-अडीच महिने आधी झाला तर पहिले अभिप्राय दिवाळीपूर्वी येतात आणि ते जाहिरातीत वापरता येतात.

हिशेब कसा बसतो?

समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि प्रत छापायला ९० रुपये लागतात. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण व्यवहाराची रीत अशीच असते. वितरकामार्फत ४५ टक्के सूट देऊन प्रत गेली तर प्रकाशकाच्या हाती १६५ रुपये येतात. त्यातून छपाईचे ९० आणि लेखकाची १० टक्के रॉयल्टी म्हणजे ३० रुपये वजा केले की ४५ रुपये उरतात. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, संपादन, गोदाम, उधारी हे सगळे त्यातच. पाचशे प्रती विकल्या तर लेखकाला १५ हजार रुपये मिळतात, तेही वर्षअखेरीच्या हिशेबानंतर.

आता लेखकाने स्वतः प्रती विकल्या तर? प्रकाशकाने त्याला ४० टक्के सूट दिली, म्हणजे प्रत १८० रुपयांना पडली. ती त्याने २० टक्के सवलतीत, २४० रुपयांना विकली. सुटले ६० रुपये. पाकीट आणि बांधणीचे १५, टपालाचे २५ गेले की उरतात २० रुपये. टपालखर्च घेणाऱ्याकडून घेतला तर ४५. रंगीत डबा, रेशमी फीत, पणती असा थाट केला आणि त्याला ४० रुपये लागले तर पाच रुपयांसाठी सगळी धावपळ. डिकन्सचे जे झाले ते हेच.

तिसरा मार्ग घाऊक विक्रीचा. एखाद्या पतसंस्थेने ३०० प्रती ३० टक्के सवलतीत, रोखीने आणि परत न करण्याच्या बोलीवर घेतल्या तर एकूण रक्कम होते ६३ हजार. लेखकाने प्रती स्वतः घेऊन दिल्या तर त्याला त्यातून ९ हजार सुटतात. व्यवहार थेट प्रकाशकाने केला तर छपाई आणि रॉयल्टी वजा जाऊन त्याला प्रतीमागे ९० रुपये उरतात, म्हणजे वितरकामार्फत मिळतात त्याच्या दुप्पट. अशी मागणी लेखकाने आणली असेल तर त्या प्रतींवर जादा रॉयल्टी मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. ही बोलणी करारातच व्हावीत. लेखकाने स्वतः घेतलेल्या प्रतींवर रॉयल्टी मिळणार की नाही, हेही करारात स्पष्ट असावे.

याच हिशेबात आणखी एक रकाना आहे, जो कुणी मांडत नाही. नातेवाईक, मित्र, पाहुणे, मान्यवर यांना फुकट दिलेल्या ५० प्रती. १८० रुपये दराने त्यांची किंमत होते ९ हजार. पतसंस्थेच्या अख्ख्या व्यवहारात जेवढे मिळाले, तेवढे ‘सप्रेम भेट’ लिहिण्यात गेले.

मराठी मुलखात कोणत्या संधी आहेत?

पहिली संधी सहकाराची. महाराष्ट्रातील अनेक पतसंस्था आणि सहकारी बँका सभासदांना दिवाळीत काही ना काही भेट देतात, साखर कारखाने सभासदांना साखर देतात. भिंतीवरचे घड्याळ, पिशवी, स्टीलचा डबा या वस्तू सभासदांच्या घरी आधीच चार-चार असतात. तालुक्याचा इतिहास, परिसरातील किल्ले, शेतीचे अनुभव, मुलांच्या गोष्टी असे पुस्तक असेल तर संचालक मंडळापुढे मांडायला ठोस मुद्दा आहे. पहिल्या पानावर संस्थेचे नाव आणि शुभेच्छा छापलेले एक स्वतंत्र पान जोडून देता येते, त्याचा खर्च किरकोळ असतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही बाबही संस्थेच्या हिशेबनिसाला आवडण्यासारखी आहे. पुस्तकासोबत इतर वस्तू घालून एकच संच विकला तर मात्र कराचे गणित बदलू शकते. तेव्हा सल्लागाराला विचारून पुढे जावे.

दुसरी संधी फराळाच्या पार्सलची. परदेशी असलेल्या मुलाबाळांना चकली-चिवडा पाठवण्याची घाई दसऱ्याच्या आधीपासून सुरू होते. दीड-दोनशे पानांचे पुस्तक साधारण पाव किलोचे. फराळाचे पार्सल घेणारे दुकानदार आणि कुरिअरवाले यांच्याकडे चार-पाच पुस्तकांची यादी ठेवली, ‘फराळासोबत एक पुस्तक’ अशी पाटी लावली, तर घेणाऱ्याला वेगळे कुठे जावे लागत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांतील, चित्रे असलेली मराठी पुस्तके आजी-आजोबा आवर्जून शोधतात. त्या त्या देशाचे पार्सलचे नियम मात्र आधी तपासून घ्यावेत.

तिसरी संधी टपालाची. टपाल खात्याने मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. देशांतर्गत ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाच्या पाकिटाला २० रुपये आणि पाच किलोपर्यंतच्या पाकिटाला १०० रुपये, अधिक कर, असे दर तेव्हा जाहीर झाले. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाच्या पुस्तकांसाठी ही सेवा आहे आणि प्रकाशक किंवा मुद्रकाचे नाव पुस्तकावर असणे आवश्यक आहे. ही टपाल जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. दिवाळीच्या गर्दीत तर अधिकच. स्वस्त दर हवा असेल तर लवकर पाठवणे आले. जवळच्या टपाल कार्यालयात चालू दर विचारून मगच पाठवणीचा खर्च जाहीर करावा.

चौथी संधी खुद्द दिवाळी अंकांची. त्यांच्या किमती आता दोनशे-तीनशे रुपयांच्या पुढे गेल्या आहेत आणि अनेक विक्रेते तीन-चार अंकांचे संच सवलतीत देतात. त्या संचात एक पुस्तक घालण्याची कल्पना विक्रेत्याला पटू शकते, कारण गिऱ्हाईक दारात आलेलेच असते. ग्रंथाली वाचक चळवळीने १९७० च्या दशकात वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन सवलतीत पुस्तके दिली, प्रकाशनपूर्व सवलतीची प्रथाही आपल्याकडे जुनी आहे. तेच तत्त्व सणासाठी वापरता येईल. पैसे आधी, प्रत दिवाळीला आणि घेणाऱ्याने सांगितलेल्या नावाने लेखकाची सही.

ही सही फार महत्त्वाची. ऑनलाइन बाजारपेठेत मोठी सूट मिळेल, घरपोच प्रत मिळेल, पण ‘चि. सौ. मुक्ताला, पहिल्या दिवाळसणानिमित्त’ असे लेखकाच्या हातचे दोन शब्द तिथे मिळत नाहीत. त्याला खर्च शून्य आहे आणि मोल मोठे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय पाठवावे?

एक स्वच्छ फोटो, ज्यात पुस्तक हातात किंवा फराळाच्या ताटाशेजारी दिसते आहे. ‘कोणासाठी’ सांगणारे एक वाक्य. पाने, किंमत, टपालखर्च. शेवटची तारीख. पैसे भरण्याचा क्यूआर कोड आणि नाव-पत्ता पाठवण्याची सोपी सोय. एवढे पुरे. मोबाइलच्या पडद्यावर हे सगळे एका नजरेत बसते. मुखपृष्ठाच्या बारीक अक्षरांचे छायाचित्र, चार मान्यवरांचे अभिप्राय आणि लेखकाचा परिचय असे एकत्र केलेले पोस्टर कुणी मोठे करून वाचत नाही.

असा संदेश दसऱ्यानंतर दोनदाच पाठवावा, एकदा घोषणेचा आणि एकदा शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा. मधल्या काळात पुस्तकातील एखादे पान आवाजात वाचून दाखवलेली मिनिटभराची ध्वनिफीत, एखाद्या वाचकाच्या घरातला फोटो (परवानगीने) अशा गोष्टी स्वतःच्या स्टेटसवर ठेवाव्यात. स्टेटस ज्याला पाहायचे तो पाहतो. सोसायटीच्या गटात रोज आलेला संदेश मात्र सगळ्यांना सोसावा लागतो.

कोणत्या गोष्टी टाळाव्यात?

पहिली, दयेची याचना. ‘मराठी जगवायची असेल तर माझे पुस्तक घ्या’ हा सूर वाचकाला अपराधी करतो आणि अपराधीपणाने घेतलेली प्रत शेवटची ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा अभिमान जरूर असावा, पण त्या जोरावर कुणी पुस्तक घेत नाही. पुस्तक चांगले आहे आणि अमक्याला आवडेल, एवढेच कारण खरे.

दुसरी, पुस्तकाच्या दुकानाला वळसा घालणे. लेखक स्वतः ४० टक्के सवलतीत विकू लागला तर शेजारचा विक्रेता ते पुस्तक कशाला ठेवील? भाडे, वीज, नोकर यांचा भार उचलून तो वर्षभर लेखकाचे पुस्तक दाखवत असतो. सवलत दोघांची सारखी असावी आणि लेखकाने सहीसाठी एखादी संध्याकाळ दुकानात बसावे. दुकानात आलेला माणूस इतरही पुस्तके पाहतो.

तिसरी, खोटे अभिप्राय आणि ‘बेस्टसेलर’चा शिक्का. मित्रांकडून ऑनलाइन पाच तारे मिळवणे आता सगळ्यांना ओळखू येते. चौथी, ओळखीच्या माणसाला फोन करून ‘किती प्रती पाठवू?’ असे विचारणे. समोरच्याला नाही म्हणता येत नाही, तो दोन प्रती घेतो आणि नंतर फोन उचलत नाही.

हे सगळे लेखकाचेच काम आहे का?

आक्षेप रास्त आहे. लेखकाने लिहावे, विकण्यासाठी प्रकाशक आहे. पण आज मराठीत बऱ्याच पुस्तकांचा छपाईखर्च लेखकच पूर्ण किंवा अर्धा उचलतो आणि पाचशे प्रतींपैकी तीनशे त्याच्या घरी येऊन पडतात. पलंगाखालच्या खोक्यांत अडकलेले हे कुणाच्या तरी निवृत्तीचे पैसे असतात. प्रकाशनाचे पैसे घेऊन विक्रीची जबाबदारी न घेणारा व्यवहार मुळात चुकीचा आहे आणि लेखकांनी तो स्पष्ट नाकारायला हवा. वितरणाची काय व्यवस्था आहे, दिवाळीत पुस्तक कुठे दिसेल, हे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारायचे असतात.

लेखकाच्या वाट्याला यावे ते एवढेच : पुस्तक कोणाला द्यावे हे नेमके सांगणे, सही करणे आणि आपल्या गावातील संस्थांशी बोलणे. ते त्याच्याशिवाय दुसरे कुणी करू शकत नाही. डबे भरणे, पार्सलचा माग काढणे, उधारी वसूल करणे यात त्याचा वेळ गेला तर पुढचे पुस्तक मागे पडते. प्रकाशकांनी एकत्र येऊन भेटीची म्हणून पन्नास पुस्तकांची एक चोख यादी काढली, वय आणि आवडीनुसार लावली आणि ती दिवाळी अंकांतून व मोबाइलवरून घरोघरी पोहोचवली, तर एकेकट्या लेखकाची निम्मी धडपड वाचेल. आइसलँडने हे ८० वर्षांपूर्वी केले, तेही युद्धाच्या टंचाईत.

दुसरा आक्षेप असा की भेट मिळालेली पुस्तके न वाचताच कपाटात जातात. काही जातातच. सुकामेव्याचे डबेही तसेच पुढे सरकवले जातात. पण पुस्तक आठ-दहा वर्षे घरात राहते आणि घरातल्या कुणाच्या तरी हाताला कधीतरी लागते. पुस्तकाच्या दुकानाची पायरी कधीच न चढणाऱ्या घरात मराठी पुस्तक जाण्याचा भेट हा जवळजवळ एकमेव रस्ता आहे. देणाऱ्याने ‘आधी पान ४२ वरची गोष्ट वाचा’ एवढी चिठ्ठी आत ठेवली तरी ते उघडले जाण्याची शक्यता वाढते.

दिवाळी हुकली तर?

वर्ष संपलेले नसते. नाताळच्या सुट्टीच्या आगेमागे पुणे पुस्तक महोत्सव भरतो. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने २०२३ च्या डिसेंबरपासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर तो सुरू केला. त्यानंतर मकरसंक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ येतो. प्लास्टिकच्या डब्या आणि कंगवे वाण म्हणून देण्यापेक्षा ४०-५० रुपयांची छोटी पुस्तिका देणाऱ्या महिला मंडळांची संख्या आता नगण्य राहिलेली नाही. कविता, आरोग्य, कायद्याची माहिती, मुलांच्या गोष्टी असे ३२ किंवा ४८ पानांचे पुस्तक या काळासाठी मुद्दाम काढता येते. एका हळदीकुंकवाला पन्नास-साठ प्रती सहज लागतात. पुढे २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, गुढीपाडवा, उन्हाळ्याची सुट्टी आहेच.

प्रत्येक वेळी तोच माल आणि तीच जाहिरात चालणार नाही. वर्षातून दोन सण निवडावेत, त्यांची नीट तयारी करावी आणि बाकीचे महिने लिहिण्यात घालवावेत. यंदा किती प्रती कोणी घेतल्या, कोणासाठी घेतल्या, याची साधी वही ठेवली तर पुढच्या दिवाळीची सुरुवात त्याच नावांपासून करता येईल.